समोरच्याच्या हातात काय आहे? लाइव्ह पोकरमधल्या ‘टेल’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर देशभर बंदी आली आणि पोकरची ॲप बंद झाली. त्यानंतर गोव्याच्या कॅसिनोतल्या टेबलांवर एक नवी मंडळी दिसायला लागली. गणितात पक्की, पण समोर माणूस बसला की बावरणारी. स्क्रीनवर समोरच्याचा हात दिसत नव्हता, श्वास ऐकू येत नव्हता. त्यांच्याकडून मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवतो आहे. टेक्सास होल्डेमचे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे.

टेल म्हणजे नेमकं काय?

खेळाडूच्या नकळत त्याच्या पानांबद्दल काहीतरी सांगून जाणारी खूण. ती हालचालीत असते, बोलण्यात असते, बेट लावायला घेतलेल्या वेळात असते, चिप्स पुढे सरकवण्याच्या पद्धतीत असते. पुष्कळजण टेल म्हणजे फक्त चेहरा समजतात आणि तिथेच चुकतात.

नाक खाजवलं म्हणजे ब्लफ, असं काही पक्कं असतं का?

नसतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: टेल म्हणजे खूण नव्हे, टेल म्हणजे बदल. एखादा माणूस एरवीही नाक खाजवतच असेल तर त्याच्या नाक खाजवण्याला काही अर्थ नाही. एरवी कधीच न खाजवणाऱ्याने मोठ्या पॉटमध्ये, म्हणजे डावात पैशांचा मोठा ढीग लागलेला असताना खाजवलं, तर लक्ष द्या. म्हणून आधी माणसाची नेहमीची रीत कळायला हवी. तो चिप्स कसे रचतो, पानं कधी बघतो, किती बोलतो, पाणी कधी पितो, छोट्या पॉटमध्ये बेट लावताना हात कसा फिरतो.

हे कळायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्याकडे असतो. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण पंचवीस-तीस डाव होतात. नीट खेळणारा त्यातले बहुतेक सुरुवातीलाच टाकून देतो. पानं टाकली की लोक मोबाइल काढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण माहिती सगळ्यात स्वस्तात मिळण्याची वेळ तीच असते. पैसे दुसऱ्यांचे लागलेले असतात आणि आपण फक्त बघायचं असतं.

नवशिक्याने सगळ्यात आधी कुठे बघावं?

हातांकडे. ‘चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही’ हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं, त्यामुळे चेहऱ्यावर सगळ्यांचाच पहारा असतो. हातांवर नसतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या नावाजलेल्या स्पर्धेतल्या बेट लावतानाच्या काही सेकंदांच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि कुणाची पानं किती चांगली असतील ते विचारलं. फक्त चेहरा पाहून अंदाज बांधणाऱ्यांची फसगतच झाली. कमरेपासून वरचं सगळं शरीर पाहणाऱ्यांचं नाणेफेकीपेक्षा बरं काही जमलं नाही. फक्त दंड आणि हात पाहणाऱ्यांचा अंदाज मात्र योगायोगाने जमेल त्यापेक्षा चांगला निघाला. हालचाल सफाईदार असली की पानं चांगली असण्याकडे कल होता. परिणाम काही प्रचंड नव्हता, आणि तसा दावाही मी करत नाही. पण चित्रफितीतले खेळाडू मुरलेले होते. त्यांचे हात इतकं बोलत असतील तर शनिवारी रात्री मित्रांबरोबर आलेल्या माणसाचे किती बोलत असतील!

हात थरथरतात म्हणजे तो घाबरलाय, बरोबर ना?

बहुतेक वेळा बरोबर उलट. हा धडा मी पैसे मोजून शिकलो.

गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनो-बोटीवर १००-२०० च्या (डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या बेट एवढ्या असलेल्या) टेबलावर बसलो होतो. माझ्याकडे राजा-राणी. बोर्डवर दोन नव्व्या, एक चव्वी, टर्नला (चौथं पान) राजा, रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) दुर्री. समोर पंचविशीतला एक मुलगा, संध्याकाळभर शांत बसलेला. रिव्हरला त्याने मोठी बेट लावली आणि चिप्स ठेवताना त्याची बोटं इतकी थरथरली की चिप्स एकमेकींवर वाजल्या. मला वाटलं, पोरगं उसनं अवसान आणतंय. मी कॉल केला. त्याने दोन चव्व्या उघडल्या. फुल हाउस.

मोठं पान हातात आलं की शरीरात ॲड्रेनालिन उसळतं, आणि आता जिंकणारच असं वाटलं की इतका वेळ धरून ठेवलेला ताण सुटतो. तो सुटताना हात थरथरतात. ब्लफ करणारा उलट स्वतःला आवळून धरतो, कारण कुणाचं लक्ष जाऊ नये अशीच त्याची इच्छा असते. त्यामुळे एरवी स्थिर असलेले हात एकदम थरथरायला लागले तर तुमच्या दोन जोड्या बाजूला ठेवा आणि गुमान फोल्ड करा.

अपवाद आहेतच. पहिल्यांदाच खेळायला बसलेला माणूस कशानेही थरथरतो. वयाने किंवा आजाराने कुणाचे हात कायमच कापतात. बोटीवरच्या एसीत नुसत्या टी-शर्टवर बसलेला माणूस थंडीनेही कापतो. पुन्हा तेच, आधीची रीत बघा.

फ्लॉप पडतो तेव्हा काय करायचं?

फ्लॉपकडे, म्हणजे बोर्डवर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांकडे बघू नका. तीन पानं कुठे पळून जात नाहीत. पानं बघणाऱ्या माणसांकडे बघा, ती प्रतिक्रिया एक-दोन सेकंदांत विरून जाते.

फ्लॉप पाहताच कुणाची नजर पटकन स्वतःच्या चिप्सकडे गेली आणि परत वळली, तर त्याला बहुधा काहीतरी लागलंय. किती लावू, हा हिशोब त्याच्या डोक्यात सुरू झालेला असतो. याउलट जो फ्लॉपकडे टक लावून बघत राहतो, त्याला बऱ्याचदा तिथे काहीच सापडलेलं नसतं.

माझी सगळ्यात आवडती खूण वेगळीच आहे. फ्लॉपवर तिन्ही पानं बदाम आली आणि एखाद्याने आपली पानं कोपरा उचलून पुन्हा पाहिली, तर त्याच्याकडे तयार फ्लश (बदामाचीच पाच पानं) नसण्याचीच शक्यता जास्त. कारण साधं आहे. हातात दोन्ही पानं एकाच रंगाची येणं हे सतरात चारदाच घडतं, म्हणजे साधारण २३.५ टक्के. तसं आलं की ते लक्षात राहतं, ‘दोन्ही बदाम’ असं मनात कोरलं जातं. वेगवेगळ्या रंगांची आली की माणूस ‘एक्का-दश्शी’ एवढंच लक्षात ठेवतो. मग बोर्डवर तीन बदाम दिसले की ‘आपला एक्का बदामाचा होता का?’ हे बघायला कोपरा उचलतो. पुढे एक बदाम आणखी आला की त्याचा फ्लश होऊ शकतो, हे धरून चाला, पण आत्ता तो झालेला नाही.

रोखून बघणारा, चिप्स आपटणारा माणूस खरंच तगडा असतो का?

तो तगडा असल्याचा आव आणत असतो. मुद्दाम केलेल्या अभिनयाला हा ठोकताळा बराच लागू पडतो: कमजोर माणूस दांडगाई दाखवतो आणि तगडा माणूस बापुडा होतो. बेट लावून तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा तुम्हाला कॉल करण्यापासून परावृत्त करत असतो. खांदे पाडून, सुस्कारा सोडून, ‘जाऊ दे, खेळूनच टाकू’ म्हणत रेझ करणारा तुम्हाला बोलावत असतो. सुस्काऱ्यानंतरचा रेझ हा माझ्या अनुभवात टेबलावरचा सगळ्यात महागडा आवाज आहे.

बेटच्या आधीच्या आणि नंतरच्या खुणा वेगळ्या वाचायच्या का?

हो. हा फरक कळला नाही तर बाकी सगळं वाचूनही गोंधळ होतो. तीच हालचाल दोन वेळी दोन उलट अर्थ सांगते.

तुम्ही बेट लावायच्या विचारात आहात आणि समोरच्याने आधीच मूठभर चिप्स उचलून धरल्या. ‘लाव तू, मी कॉल करणारच’ असं तो दाखवतोय. खरं तर त्याला तुमची बेट नकोच आहे. पान मध्यम आहे, फुकटात पुढचं पान बघायचंय. खरंच नट्स (त्या बोर्डवर शक्य असलेलं सगळ्यात भारी पान) असणारा माणूस त्या वेळी मांजरासारखा शांत बसतो, सावज बिथरू नये म्हणून. म्हणजे बेटच्या आधी शांत माणूस धोक्याचा.

बेट लावून झाल्यावर चित्र पालटतं. आता ब्लफ करणारा गोठतो. श्वास उथळ होतो, हात आहे तिथेच राहतो, घास गिळणंही थांबतं. चांगलं पान असलेला माणूस सैलावतो, खुर्चीत मागे रेलतो, वेटरला हाक मारतो, शेजाऱ्याच्या बोलण्यावर मनापासून हसतो. म्हणजे मोठ्या बेटनंतर मोकळा झालेला माणूस धोक्याचा.

नेमकं कसं दिसतं ते सांगतो. माझ्या ओळखीच्या एका टेबलावर एक काका नेहमी असायचे, उजव्या हातात पोवळ्याची अंगठी. बेट लावली की हात मागे घ्यायचे आणि अंगठी सावकाश फिरवत बसायचे. दोन महिने मी ते बघत होतो. मग दोनदा असं झालं की बेटनंतर त्यांचा हात चिप्सच्या शेजारी टेबलावरच राहिला, बोटं पसरलेली, अंगठी स्थिर. दोन्ही वेळा कुणीतरी कॉल केला आणि काकांकडे काहीच निघालं नाही. तिसऱ्यांदा समोर मी होतो. माझ्याकडे दश्शीची जोडी, बोर्डवर राणी, रिव्हरला काकांची पॉटएवढी बेट. हात टेबलावरच. मी कॉल केला. त्यांनी एक्का-पंजी दाखवली आणि विचारलं, “काय रे, कसं कळलं तुला?” मी सांगितलं नाही. काकांबद्दल मला आदर आहे, पण टेलची माहिती कुणी टेबलावर वाटत नाही.

कॉल किंवा बेट किती वेगाने आली, यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. क्षणात आलेला कॉल बहुतेकदा ड्रॉ (पुढच्या पानाने पुरी होऊ शकणारी अर्धवट जुळणी) किंवा मध्यम जोडी असते. फार चांगलं पान असतं तर ‘रेझ करू का?’ हा विचार करायला दोन-तीन सेकंद गेलेच असते. फोल्ड करण्यासारखं असतं तरी गेले असते. ना रेझचा विचार, ना फोल्डचा, म्हणूनच तो इतका चटकन आला. खूप वेळ घेऊन आलेल्या बेटचा अर्थ मात्र माणसागणिक बदलतो, त्यावर सरसकट विसंबू नका.

समोरचा बोलायला लागला तर?

शब्दांपेक्षा त्याचं बोलणं सैल आहे की आखडलेलं, हे ऐका. मोठी बेट लावून भरभरून, न अडखळता बोलणारा सहसा निर्धास्त असतो. एकाक्षरी उत्तरं देणारा, प्रश्नाकडे दुर्लक्ष करणारा, आवाज चढलेला माणूस तणावात असतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. टेबलावर सगळे हिंदी-इंग्रजीत बोलतात, पण ताण आला की माणूस मातृभाषेत पुटपुटतो. ‘आयला’ हा शब्द मी फ्लॉपवर कितीतरी वेळा ऐकलाय, आणि तो अभिनय नसतो.

टेल दिसला की लगेच त्यावर खेळायचं का?

नाही. आधी बेटिंगची गोष्ट, मग टेल. प्रीफ्लॉपपासून रिव्हरपर्यंत त्याने काय काय केलं, त्यातून कोणती पानं जुळतात, हा पाया आहे. टेल हे फक्त तराजूत शेवटी टाकायचं छोटं वजन.

उदाहरण घेऊ. पॉट ८,००० चा, समोरच्याने ८,००० लावले. तुम्हाला ८,००० घालून एकूण २४,००० चा पॉट मिळू शकतो, म्हणजे तीनपैकी एकदा तुम्ही बरोबर असलात तरी कॉल परवडतो. बेटिंगवरून तुम्हाला वाटतं की तो चारातून एकदा ब्लफ करत असेल. मग फोल्ड. पण तो एरवी बडबड्या आहे आणि आत्ता श्वास रोखून बसलाय. तुमचा अंदाज २५ वरून ४० टक्क्यांवर सरकला, तर कॉल. आता दुसरी परिस्थिती बघा. हा माणूस रात्रभर एकदाही ब्लफ करताना दिसलेला नाही, अंदाज पाच टक्क्यांचा आहे. त्याने श्वास रोखला म्हणून तो फार तर दहावर जाईल. फोल्डच. काठावरचा निर्णय टेल फिरवू शकतो, उघड निर्णय नाही. ॲपवरून आलेल्या मित्रांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण टेलचा नाद लागला की तेच आपलं गणित सोडून देतात आणि त्यांची खरी ताकद तीच असते.

टेलवरून मोठ्या स्पर्धेचा निकाल फिरल्याचं एखादं उदाहरण?

न सापडलेल्या टेलचं उदाहरण जास्त बोलकं आहे. लास व्हेगास, २००३, वर्ल्ड सिरीजचा मुख्य सामना. ८३९ खेळाडूंमधून दोघे उरले होते: टेनेसीचा अकाउंटंट क्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅम फारहा. बोर्डवर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी, शेवटी बदाम तिर्री. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फ्लशही हुकला, स्ट्रेटही हुकला. त्याने ऑल इन केलं. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तो पुढे होता. त्याने बोलून खडा टाकून पाहिला, फ्लश हुकला का असं विचारलं. मनीमेकर कॅप आणि गॉगलमागे पुतळ्यासारखा बसून राहिला. फारहाने पानं टाकली. थोड्या वेळाने मनीमेकर जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला.

मोठ्या बेटनंतर गोठणं हे ब्लफचं लक्षण असतं असं मी वर लिहिलं, आणि तो गोठलाच होता. पण मोठ्या पॉटमध्ये तो नेहमीच तसा बसत असेल तर फारहाला त्यातून काय कळणार? तुलना करायला काही नसलं की टेलही नसतो.

तीनपत्तीचा अनुभव इथे उपयोगी पडतो का?

पडतो. दिवाळीत चुलत-मावस भावंडांबरोबर तीनपत्ती खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की कुठला दादा पानं बघितल्यावर गप्प होतो आणि कुठली मावशी चांगलं पान आलं की पदर सावरते. हे निरीक्षणच आहे. फरक इतकाच की घरच्यांची रीत तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत असते आणि अनोळखी टेबलावर ती दोन तासांत शिकायची असते.

माझे स्वतःचे टेल कसे लपवू?

लपवायला जाऊ नका, सगळं एकसारखं करा. आपली पाळी येईपर्यंत पानं बघू नका, म्हणजे तोपर्यंत कुणी तुम्हाला वाचू शकणार नाही. पान कसंही असो, निर्णयाआधी मनात चार अंक मोजा. चिप्स नेहमी एकाच हाताने, एकाच जागी ठेवा. बेट लावली की नजरेसाठी एक ठिकाण ठरवून घ्या, मी पॉटच्या मधोमध बघतो. श्वास नाकाने, सावकाश. आणि एखाद्या विश्वासू मित्राला तासभर फक्त तुमच्याकडे बघायला सांगा. माझ्या मित्राने मला सांगितलं की चांगलं पान आलं की मी पाय मागे खुर्चीखाली ओढून घेतो. पंधरा वर्षं खेळून मला ते माहीत नव्हतं.

गॉगल आणि हूडी घालावी का?

डोळ्यांचा त्रास होत असेल तर थोडे दिवस घाला. पण त्याने हात झाकले जात नाहीत आणि अंधाऱ्या काचेतून पानं चुकीची वाचणारेही मी पाहिले आहेत.

कुणी मुद्दाम खोटा टेल दिला तर?

छोट्या टेबलांवर हे क्वचित घडतं. घडलं तर बहुधा ते ठळक असतं: मोठा सुस्कारा, दिखाऊ अस्वस्थपणा. खरे टेल छोटे असतात आणि करणाऱ्याला ते माहीतच नसतात. जे तुम्हाला दिसावं म्हणून केलंय असं वाटतं, त्यावर वरचा आव आणण्याचा ठोकताळा लावा.

असं माणसाला वाचणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. समोर जे उघड दिसतं ते बघण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शेजाऱ्याने पानं उंच धरली म्हणून ती डोकावून बघणं मात्र वाईट. अशा वेळी त्याला हळूच ‘पानं खाली धरा’ म्हणा. दोघांनी मिळून खुणा करणं ही तर सरळ लबाडी. कुणाच्या आजाराची किंवा अडखळण्याची टेबलावर चर्चा करू नका. दारू चढलेल्या, हरलेले पैसे परत मिळवायला धडपडणाऱ्या माणसाचा चेहरा वाचायला कौशल्य लागत नाही. तिथे मी खेळ थांबवून त्याच्या मित्राला हाक मारतो.

हे सगळं कायदेशीरपणे कुठे खेळता येतं?

गोव्यात, परवानाधारक कॅसिनोंमध्ये. तिथल्या १९७६ च्या कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलं आणि बोटींवरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. वय २१ पूर्ण हवं. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून खेळायला आत जाता येत नाही. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, इथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. कुणाच्या फ्लॅटवर पैशांचा खेळ आहे म्हणून बोलावणं आलं तर जाऊ नका.

सराव कसा करायचा?

टेबलावरच्या सगळ्यांना एकदम वाचायला जाऊ नका. एकच माणूस निवडा, शक्यतो तुमच्या समोरचा, कारण शेजारच्याचे हात नीट दिसत नाहीत. त्याचा प्रत्येक शोडाउन बघा. पानं उघडली की डाव मनात मागे फिरवा: बेट लावताना हात कसा होता, त्यानंतर तो काय करत होता, बोलला का? ब्रेकमध्ये मोबाइलवर दोन ओळी टिपून ठेवा. ‘निळा शर्ट, रिव्हरला मोठी बेट, चिप्स नीट रचून पुढे, सेट (एकाच किमतीची तीन पानं) निघाला.’ अशा पाच-सहा नोंदी झाल्या की निळा शर्ट पुढच्या वेळी चिप्स विस्कटून टाकेल तेव्हा तुमचं लक्ष आपोआप जाईल.